मुरका म्हणजे नखरा नव्हे

मुरका आणि नखरा एकच, हे मला पटत नाही. नखरा फारसीतून आलेला आणि तो दिवसभर चालू शकतो. मुरका क्षणाचा. मान किंचित वळते, हनुवटी खांद्याकडे जाते, डोळ्यांच्या कोपऱ्यातून एकदा पाहणं, की संपलं! बैठकीच्या लावणीत बसल्या जागेवरूनच सगळी अदा करायची असते, तिथे मुरक्याची खरी किंमत कळते. नाक मुरडणं वेगळं, त्यात नापसंती असते. मुरक्यात लाज आणि ऐट एकत्र नांदतात, म्हणून नुसतं 'लाजणं' म्हणूनही भागत नाही. इतका नेमका शब्द बोलण्यातून जातोय याचं मला फार वाईट वाटतं. आमची आजी तो रागावतानाच वापरायची: "मुरके मारू नकोस गं, सरळ उत्तर दे."