दिल्ली विद्यापीठ: टक्के नव्हे, विषय बघा

एका पालकांनी विचारलंय, 'बारावीला ९५ टक्के आहेत, दिल्ली विद्यापीठ पक्कंच ना?' नाही हो! २०२२ पासून तिथले पदवीचे बहुतेक प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात. खरी गोम विषयांत आहे. दिल्ली विद्यापीठासाठी सीयूईटीला बारावीचेच विषय घ्यावे लागतात आणि इकॉनॉमिक्स ऑनर्सला गणित हवंच. आपल्याकडे कॉमर्सची मुलं अकरावीत गणित टाळून एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतात, तिथेच ते दार बंद!

पसंतीक्रमात मात्र हात आखडू नका. नुसतं हिंदू कॉलेज नि एसआरसीसी (श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स) भरून बसण्यात शहाणपण नाही, कॉलेज-कोर्सच्या शंभर जोड्या भरल्या तरी चालतं. मिळालेली जागा मुदतीत स्वीकारा आणि 'अपग्रेड', म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची जागा मिळवायचा पर्याय, निवडा. स्वीकारली नाहीत तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर.