पाहणीच्या पहिल्या भेटीत ‘नाही’ म्हणायला बंदी असावी का?

पळसपान
तुळशीचं लग्न आटोपलं की गावोगाव लग्नासाठी मुलगी पाहण्याचे कार्यक्रम सुरू होतात. गाडीतून सात-आठ जण उतरतात, पोहे होतात, चहा होतो, “शिक्षण किती, स्वयंपाक येतो का” होतं, आणि गाडी वेस ओलांडायच्या आत निकाल लागलेला असतो. माझं मत: पहिल्या भेटीवरून नकार द्यायचाच नाही, दुसरी भेट ठरलेलीच ठेवायची.

कारण सांगतो. विलिस आणि तोदोरोव या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाचा दहावा भाग एवढाच वेळ दाखवले. भरवशाचा वाटतो का, देखणा वाटतो का, ही मतं तेवढ्यातच बनली. वेळ वाढवून दिला तेव्हा मत फारसं बदललं नाही, वाढली ती खात्री. म्हणजे उरलेला अर्धा तास आपण माणूस पाहत नसतो, आधीच झालेल्या मतावर शिक्के मारत असतो.

मोहफूल
अर्धीच बाजू मांडलीत, दादा. अंबाडी आणि रोझेन्थाल यांचा १९९३ चा अभ्यास घ्या. शिकवणाऱ्यांच्या आवाज बंद केलेल्या, मिळून ३० सेकंदांच्या चित्रफिती तिऱ्हाइतांना दाखवल्या. त्यांनी दिलेले गुण सत्रअखेर विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले. पहिली नजर अगदीच आंधळी नसते. जिव्हाळा, उत्साह, चिडकेपणा या गोष्टी अंगावर दिसतात.

आणि पुन्हा पुन्हा भेटल्याने आवड वाढते म्हणाल, तर तेही अटीवर. मोरलंड आणि बीच यांच्या १९९२ च्या प्रयोगात चार तरुणी एका वर्गात शून्य, ५, १० आणि १५ वेळा नुसत्या येऊन बसल्या, कोणाशी बोलल्या नाहीत. जी जास्त वेळा आली, ती जास्त आवडली. पण त्या कोणाला खटकल्या नव्हत्या. पहिल्याच भेटीत किळस किंवा भीती वाटली असेल, तर दुसऱ्या भेटीने ती घटायची नाही, उलट वाढू शकते. अशा वेळी नकाराला बंदी घालणं म्हणजे पोरीवर जबरदस्ती.

पळसपान
भीती वाटली तर तिथंच थांबावं, हे मान्य. पण ते शिक्षक आपलं रोजचं काम करताना टिपलेले होते. इथं पोरगी मान खाली घालून आठ जणांपुढे बसते. असल्या अर्ध्या तासातून तिचा स्वभाव नाही, तिचं अवघडलेपण कळतं.

शिवाय मध्यस्थाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो आधीच काम करून गेलेला असतो. स्नायडर, टँके आणि बर्शाईड यांनी १९७७ मध्ये मुलांना फोनवर मुलींशी बोलायला लावलं, हातात फोटो दिला, तो भलत्याच मुलीचा. काहींना देखणा, काहींना साधा. ज्या मुलींना समोरचा देखणी समजत होता, त्या खरोखरच जास्त मोकळेपणाने बोलल्या. फोटो न पाहता नुसता मुलींचा आवाज ऐकणाऱ्यांनाही तसंच वाटलं. मुलगा जसा बोलला, तशी मुलगी झाली. म्हणून बायोडाटा आधी, फोटो शेवटी.

वऱ्हाडाची लेक
भाऊ, तुमचं शास्त्र बरोबर हाये, पन हिशेब कोनाच्या नावावर पडते तेही पाहा ना. पाव्हणे दोनदा येऊन गेले अन् मंग नकार आला, त गाव पोराले काही इचारत नाई. पोरीच्या मायलेच इचारते, “काऊन मोडलं व?” दोन भेटीचा नियम कागदावर बरा दिसते राजेहो.

तिफण
ताईंचा मुद्दा सगळ्यात वजनदार. म्हणून भेट घरी नकोच, तालुक्याच्या गावी ठेवा. दोन्हीकडून तीन-तीन माणसं, पाऊण तास. त्यातली वीस मिनिटं दोघं बाजूला, पण नजरेच्या टप्प्यात. खुर्च्या समोरासमोर नको, काटकोनात. सारखं डोळ्याला डोळा भिडत नाही. स्वयंपाकाचा प्रश्न विचारलाच तर दोघांनाही विचारा.

आणि ट्रे बंद करा. फिंकेल आणि ईस्टविक यांनी २००९ मध्ये साडेतीनशे तरुणांच्या चार-चार मिनिटांच्या भेटी घडवल्या. नेहमीच्या रीतीत मुलगे उठून टेबलाटेबलावर जात, तिथे मुली जास्त चोखंदळ निघाल्या. मुलींना फिरायला लावलं तर तो फरक उरला नाही. बसणाऱ्याला मिजास येते! आपल्याकडे ट्रे घेऊन कोण चालत येतं, ते सांगायला नको. चहा पोरालाही आणू द्या.

एप्रिल-मे महिन्यात भर दुपारची वेळ टाळा. ग्रिफिट यांनी १९७० मध्ये दाखवलं की तापलेल्या खोलीत अनोळखी माणूस कमी आवडतो. अकोल्याच्या ४४ अंशांत अजून काय होणार?

मोहफूल
ग्रिफिट यांच्या प्रयोगात तो अनोळखी माणूस कागदावरच होता. केनरिक आणि जॉन्सन यांनी १९७९ मध्ये त्रासदायक वातावरणात सोबतीला खरा माणूस बसवला, तर तो उलट जास्त आवडला. दोघंही घामाघूम असतील तर कदाचित बरंच. बाकी पत्र्याखाली आठ पाहुणे बसवू नयेत, हे मान्यच.

तिफण
ठीक. मग निकालाची रीत सांगतो. परत निघण्याआधी, घरातलं मोठं माणूस तोंड उघडायच्या आत, दोघांनी वेगवेगळी चिठ्ठी लिहायची: ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘अजून एकदा भेटू’. मामा आधी बोलला की पोराचं मत संपलं. दोन्ही चिठ्ठ्या मध्यस्थाकडे. एकाचीही ‘नाही’ असेल तर दोन्ही घरी “जुळत नाही” एवढाच निरोप, कोणी नाकारलं ते सांगायचं नाही. मग पोरीच्या नावावर काही पडत नाही.

वऱ्हाडाची लेक
चिठ्ठी पटली. पन मध्यस्थाले पैसे सोयरीक जमल्यावरच भेटतेत ना भाऊ? तो दोन्ही घरी फोन करकरून मन वळवाले पाहीनच, गप काऊन बसन?