गोराईच्या वाडीत मधपेट्या ठेवायच्या आहेत, कोणती माशी घ्यावी?

बोरिवलीची सून:
नमस्कार मंडळी. राहायला बोरिवलीत, पण सासूबाईंची गोराईला अर्ध्या एकराची वाडी आहे. पंधरा-सोळा माड, तीन चिकू, दोन आंबे, एक जुनं जांभूळ आणि पाऊस सरला की दुधी, भोपळा, काकडी. शनिवार-रविवार होडीने पलीकडे जातो. यंदा दुधी धरलाच नाही, कोवळी फळं पिवळी पडून गळली. शेजारचे मामा म्हणाले, माश्या कमी झाल्यात, पेटी ठेव. एक विक्रेता मेलिफेराच्या (म्हणजे युरोपियन मधमाशीच्या) १० पेट्या घ्या म्हणून मागे लागलाय. पेटीमागे वर्षाला ३० किलो मध निघेल म्हणतो. खरं का?
शिवाय आमच्या इमारतीला सातव्या मजल्यावर आग्याचं पोळं आहे. ते पेटीत भरून नेता येईल का?

माडाखालचा:
ताई, आग्या पेटीत राहत नाही. ती उघड्यावर एकच भलंमोठं पोळं बांधते, अंधारात कोंडली की निघून जाते. पेटीत नांदते ती सातेरी. तिला ढोलीत, भिंतीच्या पोकळीत शेजारी शेजारी पाच-सात पोळी बांधायची सवय, म्हणून चौकटी मानवतात. इमारतीवरच्या आग्याला विष मारू देऊ नका. फुलोरा आटला की ती आपणहून जाते. आणि कुणी मारलंच, तर त्या पोळ्यातला मध वॉचमनलाही खाऊ देऊ नका.
दुधीचं दुखणं वेगळं आहे. त्याचं फूल संध्याकाळी उमलतं, तोवर माश्या घरी परतलेल्या असतात. ते काम रात्रीच्या पतंगांचं. तिन्हीसांजेला नरफूल तोडून मादीफुलावर टेकवा, धरेल. भोपळा-काकडी सकाळी उमलतात, तिथे पेटीचा फायदा नक्की दिसेल.

जुना मधपाळ:
विक्रेत्याचे ३० किलो अगदीच थाप नाही. पण ते काढणारे लोक पेट्या ट्रकात घालून मोहरी, सूर्यफूल, असं फुलोऱ्यामागे हिंडतात. गोराईत १० पेट्या एका जागी ठेवल्यात तर मधाऐवजी साखरेचा पाक पाजण्यात वर्ष जाईल. सातेरीच्या २ पेट्या घ्या, ऑक्टोबरनंतर. एकीची राणी मेली तर दुसरीतली अंड्यांची चौकट देऊन वसाहत वाचवता येते, म्हणून २. चांगल्या वर्षी पेटीला ५ ते १० किलो मिळतो. पहिल्या वर्षी काहीच मिळणार नाही असं धरून चाला.
पेटी माडाखाली नको (माडाखालचे, रागवू नका), झाप किंवा नारळ पडला तर पेटीच फुटेल. चिकूची सावली उत्तम. पावसाळ्यात फुलं नसतात, तेव्हा पाक द्यावाच लागतो. उपाशी राहिली तर सातेरी एका दुपारी सगळं सोडून उडून जाते.

वसईकर:
माझी फजिती ऐका. जूनच्या पहिल्या आठवड्यात, ढग आलेले बघून, घाईने मध काढला. निम्मे कप्पे उघडेच होते. पंधरा दिवसांनी बरणीचं झाकण उडालं आणि कपाटाला ताडीचा वास! सातेरीचा मध आधीच पातळ, त्यात पाणी २० टक्क्यांवर राहिलं की आंबतो. तीन चतुर्थांश कप्प्यांना मेणाचं झाकण दिसल्याशिवाय चौकट काढू नका. पोळं पिळायचं नाही, मधयंत्रात फिरवायचं. रिकामं पोळं परत दिलं की माश्यांचे कष्ट वाचतात. खालच्या पिल्लांच्या कोठीतला मध त्यांचाच.
मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली वाट्या ठेवतात, त्यात पाण्याऐवजी वापरलेलं तेल घाला. पाण्यात डासांच्या अळ्या होतात आणि मग पालिकेची नोटीस येते.

बोरिवलीची सून:
तिन्हीसांजेचा प्रयोग केला. सासूबाई हसल्या, "आम्ही हे लहानपणापासून करतो, तू विचारलंस कधी?" असो. शिकायचं कुठे? नवऱ्याला डंखाची भीती वाटते.

जुना मधपाळ:
पुण्यात खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरला राज्याच्या खादी मंडळाचं मध संचालनालय आहे. तिकडे गेलात तर जवळच मांघर आहे, २०२२ साली 'मधाचं गाव' झालेलं, तेही बघा. आयोग आणि मंडळ ही दोन वेगळी घरं. आयोगाचं मुख्य कार्यालय पार्ल्याला इर्ल्यात, मंडळाचं फोर्टात. मी पहिल्यांदा चुकीच्या ठिकाणी रांग लावली होती.
डंख लागला तर काटा चिमटीत धरू नका, नखाने खरवडा. चेहऱ्यावर जाळी घाला, धूर बेताचा द्या. पण आधी कधी डंखाने अंगभर गांधी उठल्या असतील किंवा दम लागला असेल, तर नवऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेटीजवळ जाऊच नये.

बोरिवलीची सून:
२ सातेरीच्या, ऑक्टोबरात, चिकूखाली. ठरलं. विक्रेत्याला नको म्हणून कळवलं, तर तो म्हणतो, "बरं मॅडम, मग ५ तरी घ्या."