सिमेंटचा मुद्दा राहिलाच

विद्यापीठांतलं संशोधन बांधकामाच्या साइटवर पोचतच नाही, अशी तक्रार ऐकू येते; ती मला अर्धीच पटते. पुण्यात पर्यावरणपूरक बांधकामाची आपली चर्चा सोलर आणि पर्जन्यसंचयन दाखवून मिळकतकरात सूट घेण्यापाशी थांबते. सिमेंटकडे कुणी बघत नाही. स्वित्झर्लंडमधल्या लोझानची तंत्रविज्ञान संस्था आणि आपल्या दिल्ली, मुंबई, मद्रास इथल्या आयआयटी यांनी मिळून 'एलसी३' सिमेंटवर काम केलंय. त्यात क्लिंकर, म्हणजे चुनखडी आणि माती भट्टीत भाजून बनणारा सिमेंटचा मुख्य घटक, साधारण निम्माच. बाकी भाजलेली चिकणमाती, न भाजलेली चुनखडी आणि थोडा जिप्सम. क्लिंकरच्या भट्टीला १४५० अंश लागतात, मातीला ८०० च्या आसपास पुरतात. शिवाय चुनखडी भाजताना दगडातूनच सुटणारा कार्बन डायऑक्साइड वाचतो, तो वेगळाच. एकूण उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी कमी. २०२३ मध्ये भारतीय मानकही आलं, आयएस १८१८९.

अडतं ते पुढे. हे सिमेंट पाणी जास्त मागतं, म्हणून अ‍ॅडमिक्श्चर (कमी पाण्यात काँक्रीट प्रवाही ठेवणारं रसायन) वाढवावं लागतं. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासात मी विषय काढला, तर ठेकेदाराचा पहिला प्रश्न, "सेंट्रिंग कितव्या दिवशी काढायचं?" रास्तच आहे: ओलं काँक्रीट तोलून धरणारा हा तात्पुरता साचा कधी काढायचा, ते काँक्रीट किती दिवसांत ताकद धरतं यावर ठरतं. उत्तर आरसीसी कन्सल्टंटने, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्या इंजिनियरने द्यायचं, पण तो ड्रॉइंगवर वर्षानुवर्षं तीच ठरलेली टीप चिकटवतो.