ऑस्मोलॅलिटीचं गणित जुळत नाहीये, मदत हवी आहे!!

रात्रपाळी: यंत्रावर सीरमची (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, 313 येतेय, हिशेबाने 292. तीनदा लावलं, तेच. 290 चं कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेलं द्रावण) बरोबर येतंय, म्हणजे यंत्र ठीक. डॉक्टरांचे फोनवर फोन. 21 चा गॅप आला कुठून? लवकर सांगा प्लीज.

गोठणबिंदू: आकडे कुठायत? सूत्र कोणतं? यंत्र नमुना गोठवून मोजणारं की बाष्पदाबावरून मोजणारं? आम्ही काय हात बघून सांगायचं?

रात्रपाळी: सोडियम 138, साखर 90, युरिया 30. नेहमीचंच सूत्र हो: सोडियमची दुप्पट, साखर भागिले 18, युरिया भागिले 2.8. यंत्र गोठवणारं.

निवांत_नेफ्रॉन: सापडलं! 2.8 ने बीयूएनला (युरियातल्या फक्त नायट्रोजनला) भागतात. युरिया असेल तर 6 ने. नवखे हमखास इथेच घसरतात.

रात्रपाळी: 6 ने भागलं. हिशेब 286 वर आला, गॅप 27. वाढला की!!

निवांत_नेफ्रॉन: सूत्र तरी सुधारलं.

थेंब_थेंब: एवढा खटाटोप कशाला? मी रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वाकतो ते बघणारं उपकरण) लघवीचा थेंब ठेवतो, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) वाचतो, विषय संपला.

गोठणबिंदू: लघवीचं विचारलंय कुणी? शिवाय लघवीत साखर, प्रथिनं असली की तो आकडा फुगतो. गोठणबिंदूला कण कसला याच्याशी देणंघेणं नाही, फक्त संख्या. किलोभर पाण्यात 1 ऑस्मोल विरघळलं की 1.86 अंश खाली, मग ते मीठ असो की युरिया.

चौकस: रुग्ण प्यायलाय का? मद्यार्क गोठणबिंदूत पकडला जातो, बाष्पदाबाच्या यंत्रातून निसटतो. मिथेनॉलचीही (विषारी मद्यार्क) शंका घ्या.

रात्रपाळी: नाही हो, मागे सोडियम कमी होतं म्हणून फेरतपासणी आहे.

सरांचा_तास: मुळात परासरण दाब समजून घ्या. रक्तद्रवाचा एकूण दाब सुमारे 5,500 मिमी पारा, त्यात प्रथिनांचा वाटा जेमतेम 25. पण केशवाहिनीत पाणी धरून ठेवतो तो हाच 25, कारण

निवांत_नेफ्रॉन: सर, त्यांना रिपोर्ट द्यायचाय.

जुना_लॅबवाला: नळीचं टोपण कुठल्या रंगाचं?

रात्रपाळी: जांभळं. सोडियम वगैरे लाल टोपणातून केलं, ते संपलं. मग हिमोग्रामचं (रक्तपेशींच्या तपासणीचं) उरलेलं रक्त फिरवून घेतलं. का?

जुना_लॅबवाला: मग वर सीरम कशाला लिहिलंत? जांभळ्यात रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियम ईडीटीए असतं, म्हणजे क्षारच. तुम्ही तेही मोजताय. नळी भरलेली होती का?

रात्रपाळी: अर्धी.

जुना_लॅबवाला: झालं. निम्म्या रक्ताला पूर्ण नळीची मात्रा. करड्या टोपणात तर फ्लुओराईडमुळे आकडा याहून कितीतरी चढतो. लाल टोपणात नव्याने रक्त घ्या. लिथियम हेपारिनची नळीही चालेल.

गोठणबिंदू: हे आधी विचारायला हवं होतं.

जुना_लॅबवाला: तुम्ही यंत्र विचारत बसला होतात.

रात्रपाळी: लाल टोपण, 288! धन्यवाद काका. आता डॉक्टर विचारताहेत, मघाशी फोनवर 313 का सांगितलं.

थेंब_थेंब: रिफ्रॅक्टोमीटरला टोपणाची भानगडच नसते.