हिमरेषा एका जागी थांबत नाही
ग्रह घडतात त्या ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या चकतीत बर्फ मंगळ-गुरूच्या मधल्या पट्ट्यापलीकडेच जमतो असं कुणी म्हणतं, ते आपल्या सूर्याला साधारण लागू आहे पण ती हिमरेषा, म्हणजे ज्या अंतरापलीकडे वाफ गोठते ती सीमा, कायमची आखलेली नसते हो. मृग नक्षत्राच्या भागातला व्ही८८३ ओरायनिस हा तरुण तारा बघा, चकतीतला माल भसाभस अंगावर पडून तो एकदम भडकला आणि पाण्याची हिमरेषा सरकत ४० खगोलीय एककांच्या (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) आसपास गेली, म्हणजे जवळपास प्लूटोइतकी लांब! २०१६ मध्ये चिलीतल्या आल्मा दुर्बिणीमुळे हे कळलं, मला तर हे भन्नाट वाटतं. आणि चकतीत दाब इतका कमी असतो की वाफेचा थेट बर्फच होतो, द्रव पाणी मधे येतच नाही. कार्बन मोनॉक्साइडची रेषा अजून वेगळी, टीडब्ल्यू हायड्री या दुसऱ्या तरुण ताऱ्याभोवती ती ३० एककांजवळ सापडलीये.