काचेआडचा 'प्रसाद': पाटीवर काय लिहावं?

तापीकाठ: जळगावात महानुभाव पंथावर छोटं प्रदर्शन मांडतोय. एका पेटीत चांदीत मढवलेला बोराएवढा पाषाण आहे, श्रीचक्रधर स्वामी बसले त्या ओट्याचा. देणाऱ्या बाबांनी शब्द सांगितला 'प्रसाद'. तशी पाटी लावली, तर बघायला आलेली पोरं विचारतात, पेढे कुठे मिळतात? दुसरा शब्द सुचवा.

अमळनेरकर: 'अवशेष'. विषय संपला.

घाटाखालची: अवशेष म्हटलं की अस्थी आणि स्तूप डोळ्यांपुढे येतात. हा काही देहाचा भाग नाही.

कपाशी: मग 'स्मृतिचिन्ह'?

घाटाखालची: ते सत्कारात शाल-नारळासोबत मिळतं.

उपदेशी: दंडवत प्रणाम. आमच्यात स्थान, प्रसाद, भिक्षुक, वासनिक ही चार नावं एका दमात घेतात. स्वामींचं वास्तव्य झालं ते स्थान, त्यांनी वापरली-हाताळली ती वस्तू प्रसाद, भिक्षुक म्हणजे संन्यासी, वासनिक म्हणजे संसारी अनुयायी. घरच्या देवपूजेतल्या अशा पाषाणाला मात्र आम्ही 'विशेष' म्हणतो. बाबांना पुन्हा विचारून घ्या.

तापीकाठ: 'विशेष' लिहिलं तर बाकीच्या पेट्यांतलं साधारण वाटेल ना दादा!

व्युत्पत्तीवेडा: प्रसाद म्हणजे मुळात प्रसन्नता, कृपा. खाऊचा अर्थ मागाहून चिकटला. पोरांना पेढे आठवले म्हणून शब्द बदलायचा?

कपाशी: पाटीवर चार ओळी मावतात, नाना. तुमचा कोश नाही मावत.

अमळनेरकर: ते सोडा, दाराशी 'महानुभाव' लिहिलंय की 'मानभाव'? माझी आजी चोपड्याची, ती 'मानभावबाबा' असंच म्हणायची, आणि पदर सावरून म्हणायची.

उपदेशी: आजींना म्हणू द्या. पाटीवर नको. 'मानभावी' म्हणजे ढोंगी हे कोशात बसलंय. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण वर्गात आली की सगळी पोरं माझ्याकडे वळून हसायची.

व्युत्पत्तीवेडा: महानुभावचंच झिजून मानभाव झालं. शब्दाचा काय दोष?

कपाशी: मी समजायचो, मान डोलावून भाव खातो तो मानभावी.

अमळनेरकर: ती म्हणही भिंतीवर लावा. शेजारी महानुभावांच्या सांकेतिक सकळ लिपीतली पोथी ठेवा. ही लिपी इतिहासाचार्य राजवाड्यांनी उलगडली, आणि ते १९२६ साली गेले ते आपल्या धुळ्यातच.

घाटाखालची: म्हण भिंतीवर? कनाशीच्या महानुभाव तीर्थाला जाणारी माणसं बघायला येणार, त्यांनी ती वाचत उभं राहायचं?

अमळनेरकर: लपवली की नाहीशी होते का?

उपदेशी: लपवू नका, पण दाराशीही नको. आत, पोथीजवळ ठेवा, ती कोणी रचली आणि कोणावर, हेही लिहा.

तापीकाठ: मंडळी, पाषाणाचं राहिलं. पाट्या उद्या छपाईला जातायत.

व्युत्पत्तीवेडा: 'प्रसाद'च ठेवा.

घाटाखालची: 'स्वामींच्या ओट्याचा पाषाण' लिहा. वाचणाऱ्याला कळलं म्हणजे झालं.

अमळनेरकर: खान्देशात प्रदर्शन आणि 'ओटा'? आपल्याकडे 'वटा' म्हणतात.

घाटाखालची: तुमच्या अमळनेरात म्हणत असतील. आमच्या चाळीसगावच्या घरात ओटाच.